उशिरा घरी आलेले

स्लाइड

सकाळी साडेदहाचं सॅम्पल. अर्ध्या तासात पातळ झालं. थेंब स्लाइडवर घेतला, कव्हरस्लिप ठेवली, चाळीसच्या लेन्सखाली सरकवला. संख्या भरपूर. हालचालही आहे. तरी पुढं कुणीच जात नाही. एकाचं डोकं दुसऱ्याच्या डोक्याला चिकटलेलं, तिसऱ्याची शेपटी चौथ्याच्या शेपटीत. दहा-पंधरा जणांचे पुंजके, आणि पुंजक्यातला प्रत्येक जण सुटायला धडपडतोय.

मेलेले शुक्राणू चिकट स्रावाला किंवा कचऱ्याला लागून बसतात, ते रोजचंच. इथं जिवंत शुक्राणूंनी एकमेकांना धरून ठेवलं होतं. अशा वेळी संशय प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटीबॉडीचा. प्रतिपिंडाला पकडायला किमान दोन हात असतात. एका हातात एक शुक्राणू, दुसऱ्या हातात दुसरा, की गाठ बसली. नुसत्या पुंजक्यांवरून निदान करता येत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी लागते. म्हणून रिपोर्टात जे दिसलं तेवढंच लिहिलं.

नवरा बाहेरच्या बाकावर, शेजारी बायको. पोलादपूरच्या वरच्या अंगाची एक वाडी. नाव लिहीत नाही. तिच्या मांडीवर सहा वर्षांची फाइल. सोनोग्राफी, हार्मोन, नळ्यांची तपासणी, दुर्बीण. त्याच्या नावाचा हा पहिला कागद.

जंतू

आमच्या महाड-पोलादपूरकडं शुक्राणू असं कुणी म्हणत नाही. जंतू कमी आहेत, जंतू सुस्त आहेत, जंतूच नाहीत. 'शुक्रजंतू' हा छापील शब्दही जुना आहे. एका बाईनं मला विचारलं होतं, "ताई, यांच्यात जंतू निघाले म्हणता, मग ते मारायचं औषध देतील ना?" तिचं काय चुकलं? टायफॉइडचे जंतू, क्षयाचे जंतू आणि हेही जंतू. नाव एकच ठेवलं तर माणसानं ओळखायचं कसं?

पुढं वाचत गेले तेव्हा लक्षात आलं, शरीरापुढंही नेमका हाच पेच असतो. जंतू दिसला की धरायचा, हे प्रतिकारशक्तीचं काम. हा जंतू घरचा आहे, हे तिला सांगणार कोण?

उशीर

प्रतिकारशक्तीची शाळा फार लवकर भरते. आईच्या पोटात आणि जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात तिच्या पेशींना आपलं कोण, परकं कोण हे शिकवलं जातं. आपल्याच अंगावर धावून जाणाऱ्या पेशी बहुतांशी तिथंच बाद होतात. ही ओळख जन्मतः ठरलेली नसते, ती घडवावी लागते, हे दाखवल्याबद्दल फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट आणि पीटर मेडावार यांना १९६० चं नोबेल मिळालं.

शुक्राणू मात्र जन्माच्या वेळी नसतात. ते बारा-तेरा वर्षांनी, मुलगा वयात येतो तेव्हा तयार होऊ लागतात. त्यांच्या अंगावरची कितीतरी प्रथिनं शरीरात दुसरीकडं कुठंच सापडत नाहीत. म्हणजे शाळा सुटून गेल्यावर वर्गात आलेली ही मुलं. हजेरीपटावर नावच नाही.

गणपतीला रात्रीच्या गाडीनं वीर स्टेशनवर उतरून चाकरमानी गावी पोचतो. दाराशी कुत्रा आजोबांना ओळखतो, काकाला ओळखतो, आणि मुंबईत वाढलेल्या नातवावर भुंकत सुटतो. नातू घरचाच असतो. कुत्र्याचंही चुकलेलं नसतं. त्याला ओळख करून दिलेली नसते, इतकंच.

बालेकिल्ला

मग सगळ्याच पुरुषांना हा त्रास का होत नाही? कारण शरीरानं शुक्राणूंना तटाआड ठेवलं आहे. वृषणात बारीक नळ्यांची वेटोळी असतात. उलगडली तर काही शे मीटर भरतील. त्या नळ्यांच्या आतल्या अंगाला उंच पेशी उभ्या असतात. इटलीच्या एन्रिको सेर्तोली यांनी १८६५ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या सेर्तोली पेशी. शेजारशेजारच्या दोन पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगतात की मधून काही सहज जात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिले, तेव्हा जवळजवळ सगळं शरीर रंगलं. मेंदू आणि या नळ्यांचा आतला भाग कोरा राहिला. शुक्राणू या तटाच्या आत घडतात. रक्तातल्या पहारेकऱ्यांना ते दिसतच नाहीत.

रायगड आमच्याच तालुक्यात, त्यामुळं हे वाचताना हिरकणी आठवल्याशिवाय राहत नाही. दूध घालायला आलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं मूल. पहारेकऱ्यांनी दार उघडलं नाही, कारण न उघडणं हेच त्यांचं काम. गोष्टीत पुढं ती कडा उतरून जाते आणि जिथून ती उतरली तिथं बुरूज बांधला जातो. शरीरही तसंच करतं. तटातून एकदा वाट सापडली की तिथं पहारा बसतो आणि सहसा उठत नाही.

वाट कुठं सापडते

फुटबॉल किंवा क्रिकेटचा चेंडू लागून झालेली जोराची इजा. वृषणाला पडलेला पीळ. लहानपणी झालेलं हर्नियाचं ऑपरेशन, ज्यात शुक्रवाहिनी नकळत दुखावली. अधिवृषणाचा, म्हणजे वृषणामागच्या नळीचा क्षय, ज्यात जंतूंभोवती प्रतिकारशक्ती गाठी उभ्या करते आणि त्या गाठींच्या व्रणानं रस्ताच बुजतो. दुसऱ्या कुठल्या जंतूनं आलेली सूज. नसबंदी. आणि कित्येकदा शोधूनही न सापडणारं कारण.

मूल न होणाऱ्या पुरुषांपैकी साधारण ५ ते १० टक्के जणांत शुक्राणूंवर अशी प्रतिपिंडं आढळतात. रोगांच्या यादीत हा आकडा लहान दिसेल. पण जगात दर सहा माणसांमागं एकाला आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं आणि अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. त्या निम्म्यांतले किती जण लॅबच्या दारापर्यंत येतात, ते बाकावर बसलेल्या बायकांच्या फायली सांगतात.

खोली

लॅबच्या कोपऱ्यात एक छोटी खोली आहे. सॅम्पल तासाभरात लेन्सखाली यावं लागतं. वरच्या गावांतून एसटी धरून महाडला यायचं तर तेवढा वेळ वाटेतच जातो, म्हणून सॅम्पल इथंच द्यावं लागतं. आत गेलेला माणूस कडी तीनदा तपासतो. बाहेर आल्यावर डबी कागदात गुंडाळतो, त्यावर रुमाल, आणि नजर वर न करता टेबलावर ठेवतो. मी पूर्वी "ठेवा तिथं" म्हणायचे. आता उठून हातात घेते, नाव विचारते, शेवटचा संबंध किती दिवसांपूर्वी हे विचारते आणि लिहिते. हातात घेतल्यानं त्याची मान थोडी वर येते. दोन ते सात दिवसांचं अंतर हवं, हेही तेव्हाच सांगून होतं.

गालगुंड

ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात हिपोक्रेटिसनं थासॉस बेटावरच्या एका साथीबद्दल लिहून ठेवलं आहे. कानांजवळ सूज, आणि काही पुरुषांच्या वृषणांत वेदना. गालगुंडाचं इतकं जुनं आणि इतकं नेमकं वर्णन आहे.

लहान मुलाला गालगुंड झालं तर आठवड्याभरात उतरतं. वयात आल्यावर झालं तर दर शंभरांत १५ ते ३० पुरुषांच्या वृषणाला सूज येते. बहुधा एकाच बाजूला. विषाणू, सूज आणि धावून आलेल्या पांढऱ्या पेशी हे सगळं वृषणाच्या न ताणणाऱ्या आवरणाच्या आत कोंडतं आणि नळ्या चेपतात. काहींचं वृषण पुढं आक्रसतं. दोन्ही बाजू जाऊन कायमचं वंध्यत्व येणं विरळा, पण संख्या आणि दर्जा घसरलेले रिपोर्ट मी पाहिले आहेत.

गावात अजूनही गालावर लेप लावतात आणि खालच्या सुजेबद्दल मुलगा आईला सांगत नाही. सोळा वर्षांचा मुलगा कसं सांगणार? म्हणून गालगुंड झालेल्या घरी मी बापाला निरोप देते: मुलाला तुम्ही विचारा.

सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे. महाराष्ट्रात तिची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, आमच्या शाळांतूनही मुलांच्या रांगा लागल्या. त्या लसीत गालगुंड नाही. गालगुंडासह तिन्हींची एमएमआर लस बालरोगतज्ज्ञ सुचवतात, ती खासगीत विकत घ्यावी लागते. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या एमएमआरमध्ये गालगुंडाचा लेनिनग्राड-झाग्रेब हा वाण वापरतात. लस पुण्यात बनते आणि घाटाखालच्या वाडीतल्या पोराला मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सहा तास

मुलाच्या वृषणात अचानक कळ उठली, उलटी झाली, एक बाजू वर ओढल्यासारखी दिसली, तर तो पीळ असू शकतो. साधारण सहा तासांच्या आत तो सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता खूप. उशीर झाला की रक्ताविना ते मरतं, आणि मेलेल्या भागातून तटाआडचं बाहेर सांडून दुसऱ्या बाजूलाही त्रास होण्याची शक्यता राहते.

सहा तासांत दुखणं अंगावर काढणं आलं, आईपासून लपवणं आलं, पावसात दरड पडून बंद झालेला घाट आला. दुखणं लपवण्यात जाणारे तास तरी आपण वाचवू शकतो. शाळेत सर्पदंशाबद्दल सांगतात, तसं हेही सांगायला हवं.

पावसाळा

जुलै-ऑगस्टमध्ये तापाच्या रुग्णांनी लॅब भरते. मलेरिया, डेंगी, लेप्टो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. पुरानंतरच्या चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोची भीती असते, म्हणून अशा वेळी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात.

ताप म्हणजे प्रतिकारशक्तीनंच पेटवलेली शेगडी. वृषण शरीराबाहेर लोंबतं ते थंडाव्यासाठी, आणि दोन-तीन दिवस अंग तापलं की आत घडत असलेल्या शुक्राणूंना ते सोसत नाही. एक शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, मग अधिवृषणातून पुढं सरकायला आणखी दोनेक आठवडे. म्हणून श्रावणात तापलेल्या माणसाचा दसऱ्याचा रिपोर्ट कमी येतो आणि दिवाळीनंतरचा सुधारतो.

नियम साधा. मोठा ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबून तपासा. एका रिपोर्टावर निकाल लावू नका. मी तारखेशेजारी आता विचारून लिहिते: गेल्या तीन महिन्यांत ताप?

पस सेल्स

रिपोर्टातली ही ओळ वाचून माणसं सर्वात जास्त घाबरतात. 'पू' म्हटलं की घाण, आणि घाण म्हटलं की संशय. बायकोचा नवऱ्यावर, नवऱ्याचा बायकोवर.

वीर्यात थोड्या पांढऱ्या पेशी असतातच. एका मिलिलिटरमध्ये दहा लाखांहून जास्त झाल्या तर त्याकडं लक्ष द्यायचं. या पेशी जंतू मारायला जहाल प्राणवायू सोडतात, आणि शुक्राणूचं आवरण फार नाजूक असल्यानं ते त्यात भाजतं, आतला डीएनए तुटतो. म्हणजे चिकटवून अडवणं ही एक रीत झाली आणि ही दुसरी. शत्रूला मारण्याच्या नादात घरच्याला झळ लागते.

पण एक गोष्ट लॅबवाल्यांनी स्वतःशी कबूल करायला हवी. वीर्यातली प्रत्येक गोल पेशी पांढरी पेशी नसते. पूर्ण न वाढलेल्या शुक्राणूंच्या आधीच्या पेशीही गोलच दिसतात. फरक कळायला पेरॉक्सिडेजचा रंग द्यावा लागतो. तो न देता सरसकट 'पस सेल्स' लिहिलं तर माणूस महिनाभर अँटिबायोटिक खातो, विनाकारण. सुरुवातीच्या वर्षांत असे रिपोर्ट माझ्याही हातून गेले आहेत. आता खात्री नसेल तर 'गोल पेशी' इतकंच लिहिते.

गिनीपिग ते परळ

एका प्राण्याचे शुक्राणू दुसऱ्या जातीच्या प्राण्यात टोचले तर त्याचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, हे १८९९ मध्ये कार्ल लँडस्टायनर आणि एली मेचनिकॉफ यांनी वेगवेगळं दाखवलं. पुढच्याच वर्षी मेटालनिकॉफनं गिनीपिगला गिनीपिगचेच शुक्राणू टोचले, तरी तेच. १९५४ मध्ये हॉलंडच्या फिलिप रुमके यांनी आणि अमेरिकेच्या लिओ विल्सन यांनी मूल न होणाऱ्या पुरुषांत अशी प्रतिपिंडं दाखवली. प्रयोगशाळेतली गोष्ट त्या वर्षी माणसाच्या घरात आली.

आपल्याकडं हे काम परळला झालं. प्रजननावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था तिथं आहे. १९८६ च्या ६ ऑगस्टला केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, त्यातही ही संस्था सोबत होती. इथल्या बांदिवडेकर, वेर्णेकर, मूडबिद्री या संशोधकांनी २००१ मध्ये मानवी शुक्राणूवरच्या ८० किलोडाल्टन वजनाच्या एका प्रथिनाबद्दल लिहिलं. प्रतिकारशक्तीमुळं येणाऱ्या वंध्यत्वाशी त्याचं नातं होतं.

या कामाला दोन टोकं होती. ज्यांना मूल हवं त्यांना अडथळा कळावा, आणि ज्यांना नको त्यांच्यासाठी याच अडथळ्याची लस करता येईल का, हे पाहावं. शुक्राणूविरोधी लस माणसांच्या वापरात आजवर आलेली नाही. पण मुंबईला कामाला असलेल्या आमच्या कितीतरी माणसांची बस त्या परळवरून रोज जाते, आणि त्यांच्या घरच्या दुःखावर तिथं काम झालं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

बिनटाक्याची

नसबंदीत शुक्रवाहिनी बांधतात, पण आतला कारखाना चालूच राहतो. रोज कोट्यवधी शुक्राणू तयार होतात आणि तुंबतात. मग पांढऱ्या पेशी त्यांना खाऊन साफ करतात, आणि या साफसफाईत त्यांची ओळख परका म्हणून नोंदवली जाते. नसबंदी झालेल्या निम्म्याहून जास्त पुरुषांत शुक्राणूविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात.

या प्रतिपिंडांनी त्या माणसाला आजार होत नाही, अशक्तपणा येत नाही, शेतात नांगर धरायची ताकद जात नाही. हे मोठ्यानं सांगायला हवं, कारण भीतीपोटी सगळा भार बायकांवर पडला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्रियांच्या शस्त्रक्रियेचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांच्या ०.३ टक्के. त्या भीतीमागं इतिहासही आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या, त्यांतल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. महाराष्ट्रानं १९७६ मध्ये सक्तीचं विधेयकच मंजूर केलं होतं; राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. सक्तीची आठवण घराघरांत उरली, आणि बिनटाक्याच्या साध्या ऑपरेशनलाही आज पुरुष येत नाहीत.

प्रतिपिंडांचा प्रश्न उठतो तो नसबंदी उलटवायची वेळ आल्यावर. १९९१ मध्ये अमेरिकेत मोठ्या संख्येनं अशा शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला गेला. नसबंदीला तीन वर्षं व्हायच्या आत जोडणी केली तर ७६ टक्के जोडप्यांत गर्भ राहिला, पंधरा वर्षांनंतर केली तर ३० टक्के. याला प्रतिपिंडं एकटी जबाबदार नाहीत, प्रतिपिंडं असूनही पुष्कळांना मुलं होतात. तरी काळ जाईल तसा रस्ता अवघड होतो. नसबंदी उलटवणं कुणी का मागावं, असं पूर्वी वाटायचं. २२ जुलै २०२१ ला आमच्या तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली, घरंच्या घरं गेली, त्या दिवसानंतर वाटत नाही.

१९२७ आणि १९३४

२० मार्च १९२७ ला महाडात चवदार तळ्याचं पाणी घेतलं गेलं. त्याच वर्षी जुलैत मुंबईत र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. शरीराबद्दल, संभोगाबद्दल, संततीनियमनाबद्दल मराठीत उघडपणे. वाचकांच्या खासगी प्रश्नांना त्यात उत्तरं दिली म्हणून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले ते तळ्याचं पाणी घेणारे तेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले.

चवदार तळ्यावर दर वर्षी माणसं येतात. मला वाटतं, महाडला त्या खटल्याचाही वारसा आहे. खासगी दुःखाचा प्रश्न विचारण्यात अश्लील काही नाही, हे त्यांनी कोर्टात सांगितलं होतं. आणि इथं अजून पुरुष वीर्य हा शब्द उच्चारताना दाराकडं बघतो.

औषधं

प्रतिपिंडं कमी व्हावीत म्हणून पूर्वी स्टेरॉइड महिनोन्‌महिने देत. १९९० मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीत त्याचा काही फायदाही दिसला. पण किंमत मोठी होती: साखर वाढणं, पोटाचा त्रास, आणि काहींच्या खुब्याचं हाड कुजणं. मुलासाठी बापाचा खुबा देणं आता डॉक्टर टाळतात.

शुक्राणू धुवून थेट गर्भाशयात सोडणं हा एक उपाय. प्रतिपिंडं जास्त असतील तर १९९२ मध्ये ब्रसेल्सहून जगासमोर आलेली इक्सीची पद्धत, म्हणजे एकच शुक्राणू सुईनं थेट स्त्रीबीजात. पोहायचं नाही, त्यामुळं चिकटायचाही प्रश्न नाही. पहारा उठवता आला नाही म्हणून पहाऱ्यावरून उचलून नेलं. खर्च मोठा आहे, आणि इथून पुण्या-मुंबईच्या फेऱ्या धरल्या तर एखाद्या घराचं भाताचं खाचर जाईल इतका.

सांधेदुखी किंवा आतड्याच्या सुजेसाठी सल्फासलाझिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना मूल हवं असल्याचं सांगावं. त्या गोळीनं शुक्राणू घटतात. गोळी बदलली की दोन-तीन महिन्यांत पुन्हा वाढतात. स्वतःच्या मनानं मात्र बंद करू नये.

अफवा

करोनाची लस घेतली की पुरुषत्व जातं, असं २०२१ मध्ये दर दुसरा माणूस विचारायचा. औषध महानियंत्रकांनी त्या जानेवारीतच ही गोष्ट धुडकावली होती. जूनमध्ये मायामीच्या संशोधकांनी ४५ तरुणांचे लशीआधीचे आणि दोन डोसांनंतरचे नमुने तपासून प्रसिद्ध केले. कशातही घट नव्हती. आजाराच्या तापानं शुक्राणू काही काळ घटतात. भीती लसीची धरली, ताप अंगावर काढला.

रोजची ओळख

इतकी वर्षं सगळे समजत होते की तट भक्कम आहे म्हणून शांतता आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत केनेथ टंग आणि सहकाऱ्यांनी उंदरांत वेगळंच दाखवलं. शुक्राणूंवरची काही प्रथिनं नळ्यांतून रोज थोडी थोडी बाहेर झिरपतात. आणि त्या झिरपण्यामुळंच प्रतिकारशक्तीतल्या आवरणाऱ्या पेशी त्यांना ओळखतात आणि बाकीच्यांना शांत ठेवतात. जी प्रथिनं कधीच बाहेर येत नाहीत, त्यांच्यावर हल्ला होण्याचा धोका जास्त.

हे वाचून मी बराच वेळ तशीच बसले. दडवून ठेवलेलं सुरक्षित राहतं, असं आपण धरून चालतो. जो नातू दर सुट्टीत गावी येतो त्याच्यावर कुत्रा भुंकत नाही. गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात येतो. त्याचा वास घरात राहिलेला असतो.

कागद

ती जोडी परत आली. प्रतिपिंडं शोधणारी ती वेगळी तपासणी, मार टेस्ट, मुंबईत करून आणली होती. निम्म्याहून जास्त हलणाऱ्या शुक्राणूंवर प्रतिपिंडं चिकटलेली. इतकं प्रमाण सहसा अडचणीचं धरतात. वयाच्या चौथ्या वर्षी त्याचं एका बाजूचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. कारण तेच असेल असं डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं नाही. इलाज काय करायचा ते दोघं ठरवणार होते, भाताची कापणी झाल्यावर.

त्यानं रिपोर्टच्या दोन प्रती मागितल्या. "एक आईला द्यायची. तिला इंग्रजी येत नाही, ताई. मराठीत लिहून द्या, म्हणजे ती स्वतः वाचेल."

बायका मला बहुधा उलट सांगतात: रिपोर्ट घरी पाठवू नका, सासूबाईंच्या हाती पडेल. आईनं वाचावा म्हणून मागणारा हा पहिलाच. बायको फाइल छातीशी धरून त्याच्याकडं बघत होती.

रिपोर्टावर मला मत लिहिता येत नाही. वेगळ्या कागदावर डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं तेच मोठ्या अक्षरात लिहिलं. मुलात शुक्राणू पुरेसे आहेत. त्याचं शरीर त्यांना परकं समजून अडवतं. सुनेच्या तपासण्या चांगल्या आहेत. यात दोघांचीही चूक नाही.

लिहिताना 'जंतू' हा शब्द सवयीनं आला होता. तो खोडला, आणि खोडाखोड नको म्हणून नवा कागद घेतला.